बारसं मोडलेलं कार्ड: आरटीएक्स ४०८० (१२ जीबी) चे चोवीस दिवस

कार्ड उत्तम आहे, पण त्याचं नाव चुकलंय. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी ग्राफिक्स कार्डं (संगणकावरचं चित्र आणि गेम चालवणारे भाग) काढणाऱ्या एन्व्हिडियानं आपल्या संकेतस्थळावर जे छोटंसं निवेदन टाकलं, त्याचा मथितार्थ एवढाच होता. एकाच ‘४०८०’ नावाची दोन कार्डं असल्यानं गोंधळ होतो, म्हणून बारा जीबीवाल्या ४०८० चं ‘अनलाँच’ बटण आम्ही दाबतोय, असं कंपनीनं लिहिलं. लाँच हा शब्द आपल्याकडे आता हळदीकुंकवाच्या निमंत्रणापर्यंत पोचलाय. अनलाँच मात्र मी तेव्हा पहिल्यांदाच वाचला.

त्याच्या चोवीस दिवस आधी, २० सप्टेंबरला, एन्व्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी याच कार्डाची किमतीसकट घोषणा केली होती. विक्री अजून सुरू व्हायची होती. म्हणजे पाळणा सजला, नाव कानात सांगून झालं, आणि घुगऱ्या संपायच्या आत घरच्यांनीच जाहीर केलं की हे नाव रद्द, नवीन नंतर कळवू. बारसं बाराव्या दिवशी करतात आणि हे कार्डही बारा जीबीचंच, हा योगायोग मला अजून गंमतीचा वाटतो.

ग्राफिक्स कार्डांच्या नावांवरून भांडणं जुनीच आहेत. पण त्या भांडणात कंपनीनं स्वतः, लेखी, ‘हो, नाव चुकलं’ असं म्हटल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. त्यामुळे हे एक प्रकरण सुटं काढून पाहण्यासारखं आहे.

फोर्टी-एटी म्हणजे नक्की काय?

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानाच्या काउंटरपाशी दहा मिनिटं उभं राहा. ‘चार हजार साठ दाखवा’ असं कुणीही म्हणत नाही. ‘भाऊ, फोर्टी सिक्स्टीचा काय रेट चाललाय?’ असं विचारतात. (या रस्त्याच्या पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं लिहिलंय. टॅक्सीत बसून ते नाव सांगून पाहा.) बोलताना आकडा मधोमध तुटतो, आणि बरोबर जागी तुटतो. पहिले दोन अंक पिढी सांगतात: २०, ३०, ४०, ५०. पुढचे दोन त्या पिढीतली पायरी सांगतात: ५०, ६०, ७०, ८०, ९०. पुढे कधी ‘टीआय’ लागतं, कधी ‘सुपर’. दोन्हींचा अर्थ ‘त्याच पायरीवर, पण थोडं वर’. सुरुवातीचं आरटीएक्स २०१८ पासून आलं. त्याआधी जीटीएक्स होतं.

इतकं सरळ असेल तर भांडण कशाचं? भांडण असं की ‘८०’ म्हणजे काय, याची व्याख्या कुठेच लिहिलेली नाही. अमुक इतके कोअर (चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग), तमुक इतकी मेमरी असेल तरच ८० म्हणायचं, असा नियम नाही. आयएसआयचा शिक्का असतो तसलं काही नाही. ८० चा अर्थ असतो तो गिऱ्हाइकाच्या आठवणीत. सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आलं ते ६९९ डॉलरला, ८,७०४ कोअर घेऊन. त्या वेळच्या सर्वांत मोठ्या ३०९० मध्ये १०,४९६ कोअर होते, म्हणजे ३०८० मध्ये त्याच्या जवळजवळ ८३ टक्के. किंमत मात्र निम्म्याहून कमी, कारण ३०९० होतं १,४९९ डॉलरचं. ज्यानं ३०८० घेतलं किंवा घ्यायचं राहून गेलं, त्याच्या डोक्यात ‘एटी’ या शब्दाला हाच अर्थ चिकटला: वरच्याच्या अगदी जवळ, पण परवडण्याच्या टप्प्यात.

आकड्यावर कुणाची मालकीही नसते. इंटेलनं ‘३८६’ हे आपल्या प्रोसेसरचं नाव आहे असा दावा एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीविरुद्ध केला, तो १९९१ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात टिकला नाही. त्यानंतर १९९३ मध्ये आलेल्या प्रोसेसरला इंटेलनं आकडा सोडून ‘पेंटियम’ हे नाव दिलं. ग्राफिक्स कार्डवाल्यांनी तो धडा घेतला नाही म्हणा, किंवा गरज वाटली नाही म्हणा, ते आकड्यांवरच राहिले. आकड्याची एक सोय आहे: तो आपोआप वाढता दिसतो. ४०८० हे ३०८० च्या पुढचं असणार, हे सांगायला जाहिरात लागत नाही.

त्या संध्याकाळी पडद्यावर काय होतं

२० सप्टेंबरच्या त्या घोषणेत तीन कार्डं होती. आरटीएक्स ४०९०, १,५९९ डॉलर. आरटीएक्स ४०८० (१६ जीबी), १,१९९ डॉलर. आरटीएक्स ४०८० (१२ जीबी), ८९९ डॉलर. खालची दोन अशी मांडली होती की मोबाइल विकत घेताना १२८ जीबी की २५६ जीबी असा पर्याय असतो, तसंच काहीतरी वाटावं. फोन तोच, फक्त जागा कमी-जास्त. निम्म्या जगाला तेच वाटलं असणार.

प्रत्यक्षात ही दोन वेगळी कार्डं होती. १६ जीबीवाल्यात एडी१०३ नावाची चिप, ९,७२८ कोअर, २५६ बिटची मेमरी बस (चिप आणि मेमरी यांच्यातली वाट), ३२० वॅट. १२ जीबीवाल्यात एडी१०४ ही दुसरी, लहान चिप, ७,६८० कोअर, १९२ बिटची बस, २८५ वॅट. कोअर २१ टक्के कमी. मेमरीतून दर सेकंदाला जाऊ-येऊ शकणारा डेटा, म्हणजे बँडविड्थ, ७१७ जीबीऐवजी ५०४ जीबी, म्हणजे जवळपास ३० टक्के कमी. नावात यातला फक्त एक फरक दिसत होता, आणि तो सगळ्यांत कमी महत्त्वाचा होता.

इथे जरा कार्ड उघडून बघू, कारण या बारा आणि सोळाचं मूळ तिथे आहे. पंखे आणि हीटसिंक काढला, जुनी थर्मल पेस्ट पुसली, की मधोमध आरशासारखी चकचकीत चिप दिसते. तिच्यावर लेझरनं बारीक अक्षरात खरं नाव कोरलेलं असतं: एडी१०४-४००. हे नाव खोक्यावर येत नाही. चिपच्या भोवती काळ्या चौकोनी वड्या असतात, त्या मेमरीच्या. यातली प्रत्येक वडी ३२ बिटच्या वाटेनं चिपशी जोडलेली असते, आणि या कार्डांमध्ये एका वडीत २ जीबी मावतात. आता हिशेब करा. १९२ भागिले ३२ म्हणजे सहा वड्या, सहा दुणे बारा जीबी. २५६ भागिले ३२ म्हणजे आठ वड्या, सोळा जीबी. ४०९० ची बस ३८४ बिटची, म्हणून बारा वड्या, चोवीस जीबी.

थोडक्यात, इथे जीबी कुणी आवडीनं निवडलेले नव्हते. ती लहान चिपची पडछाया होती. ‘१२ जीबी’ हे शब्द खरं तर ‘लहान चिप’ असं सांगत होते, पण ज्याला हा भागाकार माहीत आहे त्यालाच. बाकीच्यांना ते ‘थोडी कमी मेमरी’ असंच ऐकू आलं. जीबी पाहून कार्ड घ्यायची सवय किती फसवी आहे याचा पुरावा आदल्याच पिढीत होता: ३२९ डॉलरच्या ३०६० मध्ये १२ जीबी होते आणि ६९९ डॉलरच्या ३०८० मध्ये १०. दुकानात ‘जास्त जीबीवालं द्या’ म्हणणाऱ्याला कमी ताकदीचं कार्ड मिळालं असतं, आणि तो खूश होऊन घरी गेला असता.

कंपनीचं म्हणणं

बोंबाबोंब लगेच सुरू झाली. त्यावर कंपनीच्या प्रॉडक्ट मॅनेजमेंटमधल्या वरिष्ठ अधिकाऱ्यानं दिलेलं उत्तर असं होतं: आदल्या पिढीत ३०८० च्याही दोन आवृत्त्या होत्या, हे तसंच आहे. एक नाव, दोन रचना. शिवाय १२ जीबीवालं कार्ड जुन्या ३०८० टीआयपेक्षा वेगवान आहे, म्हणजे ते ८० म्हणवून घ्यायला पात्र आहे.

हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही. ३०८० खरंच दोन प्रकारचं होतं. पण १० जीबीवाल्यात ८,७०४ कोअर आणि जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या १२ जीबीवाल्यात ८,९६०. फरक तीन टक्क्यांचा, आणि चिप दोन्हींत तीच. त्याआधी २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० चे ३ जीबी आणि ६ जीबी असे दोन प्रकार होते. तिथे १,१५२ आणि १,२८० कोअर, दहा टक्क्यांचा फरक, चिप तीच. तेव्हाही लोक कुरकुरले होते, पण गाडी पुढे गेली. आता फरक एकवीस टक्क्यांचा आणि चिपच निराळी. सवलत घेत घेत माणूस कुठवर येतो बघा.

कंपनीच्या बाजूनं आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण त्या वेळच्या आरडाओरड्यात त्या कुणी फारशा ऐकून घेतल्या नाहीत. एक, ‘१०४’ क्रमांकाची चिप ८० मध्ये वापरणं हे काही पाप नाही. जीटीएक्स ६८०, ९८० आणि १०८०, या तिन्हींत त्या त्या पिढीची ‘४’ वाली चिपच होती. दोन, १९२ बिट म्हटल्यावर लोकांना ३०६० आठवलं, पण नव्या पिढीत चिपच्या पोटातली एल२ कॅशे, म्हणजे हाताशी ठेवलेली छोटी वेगवान मेमरी, प्रचंड वाढवली होती. आधीच्या पिढीतल्या जीए१०४ या चिपमध्ये ती ४ एमबी होती, एडी१०४ मध्ये ४८ एमबी. कॅशे मोठी असली की मेमरीकडे फेऱ्या कमी माराव्या लागतात, त्यामुळे अरुंद बस पूर्वीइतकी नडत नाही. घरातच कोठार असेल तर वाण्याकडे रोज कशाला जावं लागतं?

तिसरी गोष्ट मी स्वतः त्यात घालीन. ८९९ हे १,१९९ पेक्षा बरोबर पंचवीस टक्के कमी आहे. कोअर एकवीस टक्के कमी, बँडविड्थ तीस टक्के कमी, किंमत पंचवीस टक्के कमी. तराजू लावला तर दोन्हींमध्ये भाव सारखाच होता. तरी राग आला, तो नावाचा होता. कोअर, बस आणि किंमत हे आकडे पहिल्या दिवसापासून कंपनीच्या संकेतस्थळावर उघड होते.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण एन्व्हिडियाच्याच इतिहासात उलटं उदाहरण आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये जीटीएक्स ९७० आलं. त्याच्या ४ जीबी मेमरीपैकी शेवटचा अर्धा जीबी बाकीच्यापेक्षा फारच संथ चालतो, आणि समीक्षकांना दिलेल्या माहितीतले काही तांत्रिक आकडे चुकीचे होते, हे जानेवारी २०१५ मध्ये बाहेर आलं. ते प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांना कार्डामागे ३० डॉलर द्यायची तडजोड झाली. तिथे नाव ठीक होतं, माहिती चुकली होती. इथे माहिती ठीक होती, नाव चुकलं होतं. न्यायालयात जाण्यासारखं काही नव्हतं, आणि तरीही माघार घ्यावी लागली.

मग ते नाव ठेवलंच का?

कंपनीनं आतलं कारण कधी सांगितलं नाही, त्यामुळे पुढचं माझं अनुमान आहे. पण परिस्थिती सगळ्यांसमोर होती.

१५ सप्टेंबर २०२२ ला, म्हणजे घोषणेच्या पाचच दिवस आधी, इथेरियम या आभासी चलनानं आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डं लावून त्याचं मायनिंग करायचा, म्हणजे ते चलन कमवायचा, धंदा एका रात्रीत बसला. बाजारात जुन्या ३० मालिकेचा माल साचला होता. ऑगस्टमध्येच एन्व्हिडियानं त्यापायी सुमारे १३० कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवला होता. त्यामुळे घोषणेच्या दिवशीच्या तक्त्यात नवी कार्डं वर आणि जुनी ३०६०, ३०७०, ३०८० खाली, अशी मांडणी होती. नव्यानं जुन्याच्या पोटावर पाय देऊ नये, ही अट होती. त्यात चिप बनवण्याचा खर्च वाढलेला. मूरचा नियम (चिपवरचे ट्रान्झिस्टर दर दोनेक वर्षांनी दुप्पट होतात, हा) आता मेला, असं हुआंग यांनी त्याच आठवड्यात पत्रकारांना सुनावलं.

आता हे ८९९ डॉलरचं कार्ड ‘४०७०’ म्हणून उभं करून बघा. ३०७० होतं ४९९ डॉलरचं. दोन वर्षांत सत्तरीची किंमत चारशे डॉलरनं वाढली, असा मथळा दुसऱ्या दिवशी जगभर छापून आला असता. तेच ‘४०८०’ म्हटलं की तुलना ६९९ शी होते आणि वाढ दोनशेवर येते. शिवाय ‘४०८०, ८९९ पासून’ असं लिहिता येतं आणि १,१९९ हा आकडा डोळ्यांत खुपत नाही. कार्डाला नाव दिलं जातं, तेव्हा त्याची तुलना कुणाशी व्हावी हे ठरवलं जातं. मला या सगळ्या प्रकरणात हीच एक गोष्ट खरी महत्त्वाची वाटते.

लोकांनी मात्र दुसराच हिशेब मांडला. ४०९० मध्ये १६,३८४ कोअर. १२ जीबीवाल्या ४०८० मध्ये त्याच्या ४७ टक्के. आदल्या पिढीत ३०९० च्या ४६ टक्के कोअर कुणाकडे होते? ३०६० टीआयकडे, ३९९ डॉलरच्या. इतकंच काय, १,१९९ वालं ‘खरं’ ४०८० सुद्धा ५९ टक्क्यांवर होतं, आणि ती जागा आदल्या पिढीत ३०७० ची (५६ टक्के). नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. या हिशेबात एक खोट आहे ती अशी की ४०९० स्वतःच अवाढव्य होतं, त्यामुळे त्याच्याशी तुलना केली की कुणीही खुजं दिसणार. पण गिऱ्हाइकाचा हिशेब हा असाच असतो. त्याला वाटतं आपण पायऱ्या विकत घेतोय, आणि पायऱ्या वरून मोजल्या की कमी भरतात.

खोके

१२ जीबीवाल्या ४०८० चं एन्व्हिडियाचं स्वतःचं ‘फाउंडर्स एडिशन’ नव्हतंच. ते फक्त असूस, एमएसआय, गिगाबाइट यांसारख्या भागीदारांनी बनवायचं होतं. म्हणजे नाव ठेवलं एकानं, आणि ते छापायचं दुसऱ्यांनी. कार्डावर नाव किती ठिकाणी असतं याचा विचार करा: खोक्यावर, खोक्याच्या बाजूच्या बारकोडच्या स्टिकरवर, मागच्या धातूच्या पट्टीवर, आणि बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू झाल्यावर जिथून तो कार्डाची ओळख वाचतो तिथे. नाव रद्द झालं की यातली प्रत्येक जागा बदलावी लागते. चिपवर कोरलेलं एडी१०४-४०० तेवढं तसंच राहतं.

याच सुमाराला, १६ सप्टेंबरला, ईव्हीजीए या एन्व्हिडियाच्या जुन्या अमेरिकी भागीदारानं ग्राफिक्स कार्डांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. त्याचा या नावाशी थेट संबंध नाही. पण भागीदार आणि मूळ कंपनी यांच्यातलं नातं त्या महिन्यात कसं होतं, ते त्यावरून कळतं.

नाव बदललं, किंमत शंभरानं उतरली

३ जानेवारी २०२३ ला लास व्हेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स मेळ्याच्या वेळी कार्ड परत आलं. आरटीएक्स ४०७० टीआय. ७,६८० कोअर, १९२ बिट, १२ जीबी, २८५ वॅट. एकही आकडा बदलला नव्हता. बदलली ती किंमत: ८९९ ऐवजी ७९९ डॉलर. विक्री दोन दिवसांनी सुरू झाली.

त्या शंभर डॉलरकडे मी बराच वेळ पाहत बसलो होतो. एरवी नावाची किंमत किती, हे सांगता येत नाही, कारण तीच वस्तू दोन नावांनी कधी विकायला येत नाही. इथे आली. सिलिकॉन तेच, तांबं तेच, पंखे तेच. ‘ऐंशी’ काढून ‘सत्तर टीआय’ लावल्याबरोबर कंपनीला वाटलं की याचे आता शंभर कमी मागायला हवेत.

समीक्षकांची तक्रार तेवढ्यानं संपली नाही, आणि तेही खरंच. ३०७० टीआय होतं ५९९ चं. म्हणजे बरोबर नाव दिल्यावरही सत्तर टीआयची पायरी दोनशे डॉलरनं वर सरकलीच. एका वर्षानं, जानेवारी २०२४ मध्ये, त्याच ७९९ डॉलरला ४०७० टीआय सुपर आलं. त्यात एडी१०३ चिप, २५६ बिट आणि १६ जीबी. ४०८० च्या जागी आलेलं ४०८० सुपर ९९९ ला ठेवलं गेलं, मूळ किमतीपेक्षा दोनशेनं खाली. बाजारानं सव्वा वर्षात जे ऐकवलं ते कंपनीनं ‘सुपर’ लावून मान्य केलं.

आता या प्रकरणातला माझा सर्वांत आवडता भाग. ज्या ३ जानेवारीच्या कार्यक्रमात ४०७० टीआय आलं, त्याच कार्यक्रमात लॅपटॉपसाठीचे ४०९० आणि ४०८० सुद्धा जाहीर झाले. लॅपटॉपमधल्या ४०९० मध्ये चिप कोणती? एडी१०३, ९,७२८ कोअर, १६ जीबी. म्हणजे डेस्कटॉपचं ४०८०. आणि लॅपटॉपमधल्या ४०८० मध्ये? एडी१०४, ७,४२४ कोअर, १९२ बिट, १२ जीबी.

पुन्हा वाचा. एडी१०४, १९२ बिट, १२ जीबी, नाव ४०८०. अडीच महिन्यांपूर्वी ‘नाव चुकलं’ म्हणून जे मागे घेतलं, जवळपास तेच, थोडे कोअर कमी करून आणि वीज आणखी कमी देऊन, त्याच नावानं लॅपटॉपमध्ये बसलं. तिथे कुणी बटण दाबलं नाही. लॅपटॉपमध्ये उष्णता आणि वीज यांची मर्यादा असते, मोठी चिप मावणारच नाही, हे मान्य. पण पूर्वी लॅपटॉपच्या कार्डापुढे ‘एम’ लावत असत, जीटीएक्स ९८० एम वगैरे. त्या एका अक्षरानं काम भागत होतं. २०१६ च्या १० मालिकेपासून ते गेलं आणि पुढे त्याच्या जागी ‘लॅपटॉप जीपीयू’ ही शेपटी आली, जी दुकानाच्या स्टिकरवर जागा कमी पडली की आधी गळते. कॉलेजला जाणाऱ्या मुलाला लॅपटॉप घेऊन देणाऱ्या आई-वडिलांना ‘यात फोर्टी सेव्हन्टी आहे’ असं सांगितलं जातं. डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये ५,८८८ कोअर आणि १२ जीबी. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४,६०८ आणि ८. चिपही निराळी. स्टिकर मात्र दोन्हींवर ४०७०.

जुन्या लोकांना यात नवल वाटणार नाही. २००२ मध्ये जीफोर्स ४ एमएक्स होतं. नावात चार, आणि आत बरंचसं जीफोर्स २ चं तंत्र. मधल्या जीफोर्स ३ मध्ये जे प्रोग्रॅमेबल शेडर (चित्रातला रंग-प्रकाश हवा तसा ठरवू देणारे भाग) होते, ते या ‘चार’ मध्ये नव्हतेच. २०१८ मध्ये जीटी १०३० ची डीडीआर४ या संथ मेमरीची आवृत्ती निघाली: नाव तेच, मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १६.८ वर. तिसरा हिस्सा फक्त. त्याचं अनलाँच झालं नाही. ते स्वस्त कार्ड होतं आणि ज्यांनी घेतलं ते आवाज करणारे लोक नव्हते.

एएमडीनं या काळात काय केलं हेही सांगून टाकतो. डिसेंबर २०२२ मध्ये तिची आरएक्स ७९०० एक्सटीएक्स आणि ७९०० एक्सटी ही कार्डं आली, ९९९ आणि ८९९ डॉलरला. दुसऱ्याला ७८०० म्हणायला हवं होतं, असा सूर तिथेही लागलाच. मग २०२५ मध्ये तिनं आपली जुनी पद्धतच मोडली. ७८०० एक्सटी, ७९०० एक्सटी यांच्यानंतर आलं ते ९०७० एक्सटी. डेस्कटॉपसाठी ८००० मालिका गाळली, आणि पायरीचा आकडा उचलून एन्व्हिडियाच्या जागी नेऊन ठेवला, गिऱ्हाइकाला ५०७० शेजारी ९०७० दिसावं म्हणून. आकड्यावर मालकी नसते, त्याचा हा उपयोग. इंटेलनं निराळी वाट धरली: ए७७०, मग बी५८०. पिढीला इंग्रजी मुळाक्षर, बालवाडीसारखं.

राहता राहिलं ऐंशी. जानेवारी २०२५ मध्ये ५० मालिका जाहीर झाली. ५०९० मध्ये २१,७६० कोअर. ५०८० मध्ये १०,७५२, किंमत ९९९ डॉलर. भागाकार केला तर ४९ टक्के येतात. मागे घेतलेलं १२ जीबीचं ४०८० होतं ४७ वर. ५०८० एकाच प्रकारचं निघालं, १६ जीबी, त्यामुळे ‘एका नावाची दोन कार्डं’ असं कुणाला म्हणता आलं नाही. ते ठरल्या दिवशी, ३० जानेवारीला, त्याच नावानं दुकानात आलं.